तंबाखूच्या गावची जीभ

निपाणीच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा आप्पांनी माझी बॅग स्वतः वर चढवली आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. बोलायचं होतं ते त्यांनी इंजिन सुरू होईपर्यंत लांबवलं. मग म्हणाले, “एक वरीस. वरसात त्यांनी तुला कायम केलं तर बघू. न्हाय केलं तर गपगुमान माघारी यायचं. स्थळं काय थांबत न्हाईत.” मी मान हलवली. आईनं खिडकीतून हात घालून एक पत्र्याची डबी माझ्या मांडीवर ठेवली. घरचीच आहे, कालच भाजलीय, तिकडं असली कुठं मिळायची, असं ती पुटपुटली. डबीत मिसरी होती.

मिसरी म्हटल्यावर ज्यांना नाक मुरडायचं आहे त्यांनी खुशाल मुरडावं. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि सकाळी उठून त्या पुडीनं दात घासायचे, हे आमच्या गावात चहाइतकंच साधं. आमची शेती तंबाखूची. हंगामात आई निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळायला जायची आणि संध्याकाळी शिंकत घरी यायची. मी शाळेत असताना माझी दाढ ठणकली म्हणून तिनं बोटभर मिसरी लावून दिली. दाढ राहिली ती राहिली, मिसरी काही सुटली नाही. पुढं बेळगावात हॉस्टेलवर राहून मायक्रोबायोलॉजी शिकले. तिथं पेस्ट चारचौघींत वापरायची आणि मिसरी एकटी असताना. जांबोटीची माझी रूममेट तेवढी म्हणायची, तू शेजारून गेलीस तरी कळतंय गं. पण तीच मे महिन्यात घरून पिशवी भरून करवंदं आणायची आणि मला अर्धी द्यायची, त्यामुळं मी तिचं बोलणं मनावर घेतलं नाही.

नोकरी नाशिकची, वाईनच्या कारखान्यातली. आप्पा माळकरी. त्यांनी गावात सांगितलं की पोरगी ज्यूसच्या फॅक्टरीत आहे. मी म्हटलं, खरं सांगा की. त्यावर त्यांनी चुन्याची डबी उघडली, तंबाखू मळली, गालात धरली आणि बाहेर निघून गेले. ज्या घरात ओसरीपासून माळ्यापर्यंत तंबाखू रचलेली असायची, त्या घराला द्राक्षाचा विटाळ होणार होता. मला राग यायचा तो ह्याचा. पण गाडी हलली आणि आई मागं मागं होत दिसेनाशी झाली, तेव्हा राग-बिग सगळा गेला आणि मी पार कोल्हापूर येईपर्यंत रडले. रडून झाल्यावर ठरवलं की वर्षानं परत जायचं नाही. स्थळांसाठी तर मुळीच नाही.

नाशिकला मला वाटलं होतं प्रयोगशाळेत टाकतील. त्यांनी टाकलं टेस्टिंग रूममध्ये. म्हणजे डोंगराच्या उतारावर द्राक्षबागांकडं तोंड करून एक मोठी खोली, तिथं पाहुणे येतात, त्यांना थोडी थोडी वाईन ओतून द्यायची, ती कशी घ्यायची ते सांगायचं आणि त्यांना आवडेल अशी शोधून द्यायची. तिथल्या मुख्य दीपा मॅडम, मूळच्या पुण्याच्या, बाहेरदेशी शिकून आलेल्या. बोलणं गोड, शाबासकी मात्र चिमटीनं. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की वर्षाच्या शेवटी परीक्षा आहे. ज्यांनी जन्मात वाईन घेतली नाही असे पाहुणे समोर बसवणार. त्यांच्या रोजच्या आवडीनिवडीवरून त्यांना रुचेल ती वाईन काढून द्यायची. त्यांनी मनापासून ग्लास संपवला तर मी कायम. मला हे फारच सोपं वाटलं. काय करायचंय, बोलायचंच तर आहे, आणि बोलण्यात आम्ही निपाणीवाले कुणाला हार जातोय.

पण आधी मला स्वतःला चव कळायला हवी होती. मॅडम ग्लास पुढं करायच्या आणि विचारायच्या, कशाचा वास येतोय? सोबतच्या मुली म्हणायच्या लिची, गूजबेरी, ब्लॅककरंट. ब्लॅककरंट मी फक्त आइस्क्रीमच्या डब्यावर वाचलेलं. मी ग्लासात नाक घालायची आणि मला यायचा तंबाखूचा वास. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मॅडम खूश झाल्या. ती लाकडी पिपात मुरलेली तांबडी वाईन होती आणि अशा वाईनला तसा वास खरंच येतो म्हणे. दुसऱ्या दिवशी पांढरी वाईन होती. मी म्हटलं तंबाखू. त्यांच्या कपाळाला आठी पडली. तिसऱ्या ग्लासालाही मी तेच सांगितलं तेव्हा त्यांनी तो ग्लास माझ्या हातातून घेतला, स्वतः हुंगला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, “हे पाणी आहे.”

मुली हसल्या. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मला बाजूला नेऊन विचारलं, सकाळी दात कशानं घासतेस. मी खरं ते सांगितलं. त्यांना मिसरी म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं, तेही समजावून सांगितलं. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या की एक तर ती डबी ठेव किंवा ही नोकरी, दोन्ही जमणार नाही. वर हे आवाज बिलकूल न चढवता म्हणाल्या, त्याचंच जास्त लागलं.

डबी मी त्याच दिवशी कचऱ्यात टाकली. आईनं चुलीपुढं बसून, खोकत खोकत भाजलेली वस्तू होती ती. पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. सकाळी उठलं की डोकं ठणकायचं, हात आपोआप डबीकडं जायचा, डबी नाही म्हटल्यावर जगावर राग. खोलीतल्या मुलीशी मी बादलीवरून भांडले, मेसच्या मावशींशी पोळीवरून भांडले. फोनवर आईनं विचारलं, मिसरी सरली का, आणखी धाडू का? मी म्हटलं, आहे अजून. खरं सांगायचा धीर झाला नाही. पण पुन्हा लावली नाही म्हणजे नाही. घरी जाऊन कुणाच्या तरी पुढ्यात चहाचा ट्रे घेऊन उभं राहण्यापेक्षा डोकं ठणकलेलं परवडलं.

आणि मग एके दिवशी मेसच्या वरणात मला हिंग लागला. तेच ते पातळ वरण, ज्याला आम्ही सगळ्याजणी नावं ठेवायचो. त्यात हिंग होता, जिरं होतं, कढीपत्ता होता, प्रत्येक गोष्ट वेगळी वेगळी कळत होती. मी मावशींना विचारलं, आज काय नवीन घातलंय? त्या म्हणाल्या, बाई, रोजचंच आहे. मी तीनदा वरण घेतलं. मावशींना वाटलं, मी आता ताळ्यावर आले.

तिथून पुढं मी सुसाट सुटले. लिची आणि गूजबेरी मी सोडून दिली, ती ज्यांची त्यांना लखलाभ. मी माझीच ओळख लावायला लागले. सोव्हिन्यॉं ब्लांक म्हणजे कैरीची हिरवी साल आणि नुकतीच मोडलेली मिरची. शेनिन म्हणजे पिवळा पडलेला पेरू. शिराझ म्हणजे जांभळं आणि वरून कुटलेली मिरी. कॅबरने तोंडात घेतली की कोरा कडक चहा प्याल्यासारखी जीभ आवळते. नावं जड होती, पण चवी सगळ्या माझ्या आजूबाजूच्याच निघाल्या. मॅडमची एक शिकवण होती. माणसाला जे आवडतं त्याच्या शेजारचं दे, एकदम पलीकडच्या गल्लीतलं देऊ नकोस. शेनिन आवडणाऱ्याला वियोनिए दे, शिराझवाल्याला टेम्प्रानिओ. मी म्हटलं, पण ज्यानं वाईनच घेतली नाही त्याचा शेजार कुठला? त्याला त्याच्या स्वयंपाकघराचंच विचारायला हवं. म्हणून मी पाहुण्यांना विचारायला लागले, चहा कसा घेता, साखरेचा की गुळाचा, ताकाला फोडणी लागते का, लोणचं कैरीचं आवडतं की लिंबाचं. पहिल्यांदा मॅडमनी टोकलं, ही काय खानावळ आहे का. मग माझ्या टेबलावरचे ग्लास रिकामे होऊन परत येताना दिसले, तेव्हा गप्प बसल्या.

माझी स्वतःचीही एक वाट होती. मी करवंदं-जांभळांवर वाढलेली, म्हणून शिराझ पहिल्या घोटाला पटली. तिथून कॅबरने, तिथून टेम्प्रानिओ. एकदा मॅडमनी जुनी मुरलेली बाटली उघडली आणि मी ग्लास नाकाशी नेला तर नाकात आमचं घर आलं. पानं वाळून तपकिरी झाली की माळ्यावरून जो गोडसर, कोमट वास खाली उतरतो, तो. मी काही बोलले नाही, पाण्याच्या ग्लासाची आठवण होती. मॅडम म्हणाल्या, बोल ना. मी हळूच म्हटलं, तंबाखू. त्या म्हणाल्या, “आज बरोबर आहे.” मला रडू फुटलं आणि ह्या वेळी कुणी हसलं नाही.

दसऱ्याला गावी गेले. आईनं पुरणपोळी आणि कटाची आमटी केली होती. लहानपणापासून मी त्या आमटीवर जीव टाकलेला. पहिला भुरका मारला आणि घशाखाली उतरेना. मीठ, नुसतं मीठ, त्यावर तिखटाचा जाळ. मी आप्पांकडं पाहिलं, ते मजेत ओरपत होते. आत्या आली होती, तीही मिसरीवाली, ती दुसऱ्यांदा वाढून घेत होती. मी घोट घोट पाणी पीत ते ताट कसंबसं संपवलं. मग मला एकेक आठवायला लागलं. शेजारच्या लग्नात आईनं आमटी केली होती आणि लोकांनी वाट्या तशाच सोडल्या होत्या. बेळगावच्या मैत्रिणी घरी आल्या तेव्हा भात-भातच खात होत्या. आईच्या जिभेला मीठ कळत नव्हतं. कधीपासून, देवाला ठाऊक. आणि आम्हा घरच्यांना कळलं नाही, कारण आमच्या सगळ्यांच्याच तोंडात तंबाखू. मी तेव्हा बोलले नाही. ज्या हातानं वाढवलं त्या हाताला नाव कसं ठेवायचं? पण परतीच्या गाडीत मला फार एकटं वाटलं. जिथलं जेवण आपल्याला जात नाही त्या घराला आपलं म्हणायचं का, हे डोक्यातून जाईना.

परीक्षेला मॅडमनी एक नवरा-बायको बसवले, हुबळीकडचे, निवृत्त झालेले. काका अधूनमधून व्हिस्की घेणारे, त्यांना पिपात मुरलेली, धुरकट वासाची तांबडी दिली, ते लगेच जमून गेलं. काकूंनी मात्र पदर तोंडाशी धरलेला. मी कन्नडमध्ये बोलायला लागले तसा तो पदर खाली आला. त्यांना काय काय आवडतं ते विचारत गेले. त्या म्हणाल्या, कैरी म्हटलं की मला काही सुचत नाही. मी मनात म्हटलं, झालं काम, आणि सोव्हिन्यॉं ओतली. त्यांनी ओठ लावले आणि चेहरा असा केला की मॅडमनी मान दुसरीकडं वळवली. वर्ष संपत आलं होतं, संकेश्वरच्या कुठल्याशा स्थळाचा फोटोही आप्पांनी मोबाइलवर पाठवून ठेवला होता. पण हातपाय गाळून चालणार नव्हतं. मी ग्लास बाजूला ठेवला आणि विचारलं, अक्का, कैरी तुम्ही खाता कशी? मीठ-तिखट लावून? त्या म्हणाल्या, छे, दातांना सोसत नाही, उकडून, गूळ-वेलदोडा घालून पन्हं. आता बघा, हे मी आधीच विचारायला हवं होतं. मी थोडी गोडसर शेनिन थंड करून आणली. त्यांनी एक घोट घेतला, थांबल्या, दुसरा घेतला आणि मग नवऱ्याशी गप्पा मारत ग्लास कधी संपवला ते त्यांनाही कळलं नाही. संध्याकाळी मॅडमनी सांगितलं, तू कायम.

मी नाचतच घरी फोन केला. आप्पा म्हणाले, बरं झालं, पण संकेश्वरचे लोक येणार आहेत, तू ये. मी म्हटलं, तुम्ही शब्द दिला होता. ते म्हणाले, “बघू म्हणलोतो. ठेवतो म्हणलो न्हवतो.” असा हा आमचा माणूस. मी म्हटलं, मी येत नाही. मग ते आणि आई मला न्यायला नाशिकला आले.

आप्पा टेस्टिंग रूममध्ये पाऊल टाकायला तयार नव्हते. दिवसभर द्राक्षाच्या बागेत बांधावर बसून माळ्याशी छाटणीवर बोलत राहिले. दुरून त्यांनी मला वाईन तोंडात घेऊन भांड्यात थुंकताना पाहिलं. मग माळ्याला विचारलं, पीत न्हाईत व्हय ही? माळी म्हणाला, कामावर असताना कुणी पीत नाही. आप्पा स्वतः दिवसातून पंचवीसदा थुंकणारे, त्यांनी पुन्हा छाटणीचाच विषय काढला.

संध्याकाळी माझ्या खोलीवर आईनं आमटी केली. छोटासा गॅस, दोन भांडी, तरी तिनं हौसेनं केली. आम्ही जेवायला बसलो. मी पहिला घास घेतला आणि पाण्याच्या तांब्याकडं हात नेला. आई वाढायची थांबली.

“खारट झालंय न्हवं?”

मी म्हटलं, नाही गं, चांगली आहे.

“खोटं बोलू नगंस. दसऱ्याला बी तू पाण्यासंगट जेवलीस. बघत हुतो मी. हितं परक्या लोकांस्नी चव सांगतीस, आणि आईला सांगाय तोंड न्हाय तुला?”

मी तांब्यावरचा हात काढला. मी म्हटलं, “व्हय. लई खारट झालंय. दसऱ्याला बी झालतं.”

आप्पांनी मान वर केली. म्हणाले, मला तर बराबर लागतंय. आई त्यांच्यावर उसळली नाही. शांतपणे म्हणाली की तुम्हाला काय लागणार, आणि मला तरी काय लागतंय. मग सगळं बाहेर आलं. कैक वर्षं तिला मीठ कळत नव्हतं. हाताच्या सवयीनं टाकायची, मग कमी पडलंय असं वाटून आणखी टाकायची. त्या लग्नात वाट्या राहिल्या त्या तिनं पाहिल्या होत्या. रात्रभर तिला झोप आली नव्हती. पण विचारायचं कुणाला? घरातलं माणूस कधी काही बोलायचं नाही, बाहेरचं माणूस तोंडावर बोलायचं नाही. मी मिसरी सोडल्याचंही तिनं ओळखलं होतं, कारण फोनवर मी ती कधी मागितली नाही. त्याचं तिला वाईट वाटलं होतं, तेही तिनं सांगितलं. एवढं बोलून तिनं माझ्या ताटातली आमटीची वाटी उचलून बाजूला ठेवली आणि मला दही वाढलं.

मग ती आप्पांना म्हणाली, “हिला न्यायची न्हाय. आपल्या घरात खरं सांगणारी एक तरी जीभ ऱ्हाऊ दे.”

आप्पांनी भात कालवला. मग विचारलं, संकेश्वरच्या लोकास्नी काय सांगू? आई म्हणाली, पोरगी कामाला आहे म्हणून सांगा. आणि कशाच्या कामाला ते पण सांगा. सकाळी आप्पांनी गाडीची चौकशी केली ती दोनच तिकिटांची.

गावाकडच्या पोरींनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, तुम्ही मला विचारता की तिकडं करमतं का, घर आठवतं का. आठवतं तर. बेळगावचा दुधाचा कुंदा आठवतो, तिथल्याच वडगावात मैत्रिणीच्या घरी दिवसभर चाललेल्या साड्यांच्या मागांचा खडखडाट आठवतो, आमच्या माळ्यावरचा वास तर पाठ सोडतच नाही. पण मी एक शिकले. बाहेर पडलं की आपली जीभ बदलते आणि घरचं पूर्वीसारखं गोड लागत नाही. ते लपवून, पाण्याबरोबर गिळून, छान झालंय म्हणून उठलं की आपण आपल्याच घरात पाहुणे होतो. माझं तसं होत आलं होतं. आईनं होऊ दिलं नाही.

आईनं मिसरी सोडली का, असं विचाराल. नाही सोडली. सोडीन म्हणते, दोन दिवस सोडते, तिसऱ्या दिवशी डोकं धरून बसते. मला तो त्रास माहीत आहे, म्हणून मी तिच्या मागं लागत नाही आणि तिची पाठही सोडत नाही. पण आता मी घरी गेले की ती आमटीला उकळी आल्यावर हाक मारते, “ये गं, मीठ बघ.” मी चमच्यानं चाखते आणि असेल ते सांगते. ती माझ्या शब्दावर पाणी घालते, नाहीतर चिमूटभर मीठ घालते, आणि मगच आप्पांना हाक मारते. आप्पा हल्ली जेवायला बसले की मला विचारतात, झालीय का बरोबर? मी हो म्हटलं की मग घास घेतात.